विठ्ठलापूर : वाळवंटीकाठची वस्ती आणि तिची घरे



गोव्यातील जुन्या नदीकाठच्या वस्तीचा विषय निघाला की सर्वांचे बोट पणजीच्या फोंताइन्हासकडे वळते. ते स्वाभाविकही आहे. १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला आणि ओरेंच्या खाडीलगतचा तो मोहल्ला नव्या शहराचा राहता भाग म्हणून नावारूपाला आला. तेथील घर रस्त्याकडे तोंड करून उभे आहे. सज्जा, रंगवलेली भिंत, खिडकीची चौकट, जे काही दाखवायचे ते सारे पांथस्थाला दिसेल असे मांडलेले. छायाचित्रकाराला घराच्या आत पाऊल टाकावेच लागत नाही.

आमच्या डिचोली तालुक्यातील घरांचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. म्हणूनच त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही, असे मला वाटते. आज मी बोलणार आहे ते साखळीच्या समोर, वाळवंटीच्या दुसऱ्या तीरावर, कारापूरच्या हद्दीत वसलेल्या विठ्ठलापुराविषयी.

प्रथम नदीच्या नावाकडे लक्ष द्या. विठ्ठलाचे देऊळ आणि त्याच्या पायाशी वाळवंटी! पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंट ज्याच्या कानात घुमते, त्याला हा योग केवळ अपघाताचा वाटणे कठीण. देऊळ राणे घराण्याचे. त्याचा जीर्णोद्धार झाल्यामुळे आजचे रूप फार जुने नाही. पण नदी, घाट, देऊळ आणि देवळाभोवतीची घरे हा क्रम मात्र जुना आहे. चैत्रातील उत्सव आणि त्रिपुरारी पौर्णिमेला दिव्यांनी उजळलेल्या लहान नौका पाण्यात सोडण्याची प्रथा हे दोन्ही सोहळे नदीला सन्मुख होऊनच साजरे होतात.

या काठाचा राजकीय इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपण शाळेतच शिकलो आहोत. अठराव्या शतकात हा मुलूख सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्यात हेलकावत होता. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडण्यातील हळर्णचा किल्ला घेतला, त्यावरून ‘मार्किस द आलोर्न’ ही पदवी मिळवली, आणि त्याच मोहिमेत डिचोली व साखळीही घेतली. ती पुन्हा हातची गेली. १७८१ नंतर डिचोली आणि सत्तरी, तर १७८८ मध्ये पेडणे कायमचे पोर्तुगीजांकडे आले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, साष्टीत देवळांची जी मोडतोड झाली, ती या ‘नव्या काबिजादीं’च्या वाट्याला आली नाही. देवळे जागच्या जागी राहिली; म्हणून देवळाभोवतीची घरेही राहिली. मात्र शांतता नव्हती. १८५२ मध्ये दीपाजी राणे आणि १८९५ मध्ये दादा राणे यांनी उठाव केले, तेव्हा हा सारा टापू लष्कराच्या टाचेखाली होता. रस्त्याकडे पाठ फिरवून आतल्या चौकात श्वास घेणाऱ्या घराचे मर्म मला अंशतः या अस्थैर्यातही दिसते.

आता घराकडे वळू. त्याचा मूळ घटक म्हणजे चिरा. हा जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्यारानेही तासता येतो, आणि वाऱ्यावर ठेवला की कठीण होतो. हा गुण आपल्या पूर्वजांना किती आधी उमगला होता, ते पाहायचे तर साखळीजवळच्या हरवळ्याला जावे. तेथील सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराच्या गुंफा याच दगडात कोरलेल्या आहेत. गुंफेतला दगड आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतला दगड एकच, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

चिऱ्याचे उंच जोते, त्यावर ओसरी, मग माजघर आणि मध्यभागी उघडे राजांगण. राजांगणात तुळशीवृंदावन, चहूबाजूंनी पडवी, एका अंगाला देवघर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात घराच्या मधोमध आकाश उघडे ठेवणे हे वेडेपण वाटेल. परंतु चारी छपरांचे पाणी आत घेऊन ते एका मोरीने बाहेर काढण्याची ही योजना आहे, आणि तिच्यामुळेच उन्हाळ्यात घर थंड राहते. छपरावर प्रथम नळ्यांची कौले होती. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर चपटी कौले पसरली. ती वजनाने हलकी असल्याने वाशांचा सांगाडाही बदलला. एका कारखान्याने सबंध किनाऱ्याचे आकाश लाल केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण जोते इतके उंच का? याचे उत्तर वाळवंटीपाशी आहे. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि मांडवीला भरती, हा योग आला की पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही. ते काठावर चढते. जुन्या गवंड्याने नदीला अडवले नाही. तिला ओसरीच्या पायरीपर्यंत येऊ दिले आणि घर तिच्या वर उचलले. शिवाय त्या काळी नदी हाच राजमार्ग होता. केरीच्या वाटेने घाटावरून बैलांचे तांडे उतरत, खालून होड्यांनी मीठ-नारळ येत, आणि साखळीला दोन्हींची गाठ पडे.

मग रस्ते झाले, पूल झाला, होड्या थांबल्या. वस्तीने नदीकडे पाठ केली. त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या मध्यापासून, तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या. ज्या लोहाने चिरा तांबडा झाला, त्याच लोहासाठी डोंगर उकरले गेले आणि पावसाळ्यात मातीचे ढिगारे नदीत उतरू लागले. पात्र उथळ झाले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीत खोदकाम परत सुरू झाले. गाळ मात्र या तारखा पाळत नाही. केरीजवळ अंजुण्याचे धरण झाले, काठाला संरक्षक भिंत आली. तरी जोराच्या पावसात साखळीच्या बाजारपेठेचा जीव टांगणीला असतोच. नवी घरे रस्त्याच्या पातळीवर, जोत्याविना बांधली जातात. पाणी प्रथम त्यांच्यात शिरते.

जुनी घरे दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत. वाटण्या होतात, राजांगणावर पत्रा पडतो, मग एका बाजूची भिंत पाडून तेथे काँक्रीट येते. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी त्याने आणावा तरी कोठून?

मात्र एक साधन आपल्या हाताशी आहे. पोर्तुगीज अमदानीतील नोंदणी दस्तऐवजांत प्रत्येक मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा दिलेल्या असतात. आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकांत असे कागद आहेत, क्वचित मोडीतलेही. पोर्तुगीज व मोडी वाचणारी पिढी झपाट्याने मावळते आहे. तेव्हा माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी या कागदांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात द्याव्यात, आणि सोबत घराचा एक हाताने काढलेला नकाशा जोडावा : जोत्याची उंची किती, राजांगण कोणत्या दिशेला, मोरी कोठून बाहेर पडते, आणि पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते.