झायलीनने नेलेली चरबी

एम.एस्सी.ला असताना बेडकाच्या अंड्याचे काप केले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर पेशींत जागोजागी गोल भोकं. मला वाटलं, पातं बोथट झालंय. सर डोकावून म्हणाले, "अगं, ती चरबी होती. तूच धुऊन टाकलीस." मेणात बसवण्याआधी अंडी अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावी लागतात, आणि झायलीन चरबी विरघळवून नेतं. तेच काप अंडं गोठवून घेतले आणि चरबी रंगवणारा सुदान ब्लॅक घातला, की भोकांच्या जागी काळे थेंब उमटतात.

या चरबीवर एके काळी भलताच मोठा आरोप होता. 1924 साली हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या भाऊबंदाच्या, भ्रूणातला एक तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाशी रोवला. तिथे दुसरा मज्जारज्जू तयार झाला. 1932 मध्ये कळलं, तो तुकडा मेलेला असला तरी काम होतं. म्हणजे यामागे एखादं रसायन! केंब्रिजला जोसेफ आणि डोरोथी नीडहॅम, वॉडिंग्टन ही मंडळी मागे लागली. ईथरमध्ये उतरलेला अर्क चालला, आणि संशय गेला स्टेरॉलवर, म्हणजे चरबीच्याच गोतावळ्यावर. माझ्या झायलीनने जे फेकलं, तेच त्यांच्या ईथरने जपून ठेवलं होतं. पण 1936 मध्ये मेथिलीन ब्लू या साध्या रंगानेही तोच परिणाम दिसला. भ्रूणात हा रंग कुठून यायचा? स्टेरॉलचा दावा तिथेच ढासळला. पुढे 1990च्या दशकात झेनोपस बेडकात ते काम करणारी नॉगिन, कॉर्डिन ही प्रथिनं सापडली.

चरबीकडे उरलं शिदोरीचं काम, आणि मला ते कमी वाटत नाही. डिसेक्शन केलेल्यांना बेडकीच्या पोटातले बोटांसारखे पिवळे पुंजके आठवत असतील. आईच्या या साठ्यातली चरबी यकृतातून प्रथिनाला बांधून अंड्याच्या बलकात येते. सुरुवातीचे तास अंडं वाढत नाही, नुसतं विभागत जातं. पेशी हजारांवर गेल्या तरी बलक जेमतेम खर्ची पडतो. तो खरा संपू लागतो शेपटी फुटल्यावर, तोंड उघडून खाणं सुरू होईपर्यंत.

आमच्याकडे पहिल्या पावसानंतर पहाटे डबक्यांवर जायचं, मायक्रोहायला बेडकाची तरंगती अंडी चमच्याने उचलायची. उशीर झाला तर डब्यात अंडी नसत, वळवळणारी शेपटं असत.