रेषाजाडी, संगणकीय नकाशाच्या छपाईतील

रेषाजाडी : संगणकावर काढलेला नकाशा कागदावर उतरवताना त्यातली कोणती रेषा किती मिलिमीटर जाड उमटावी याचे ठरवलेले माप. कार्यालयात आणि छपाईच्या दुकानात हिला सरसकट ‘लाइनवेट’ म्हणतात, आणि नकाशा छापण्याला ‘प्लॉट मारणे’ किंवा नुसते ‘प्रिंट काढणे’. संगणकातल्या नकाशात घर खऱ्या मापाने काढलेले असते. भिंत २३० मिमीची असेल तर फाइलमध्येही ती २३०च असते. रेषाजाडी मात्र कागदावरच्या मिलिमीटरांत मोजतात. त्यामुळे तोच प्लॅन १:५० ने छापला काय किंवा १:१०० ने छापला काय, ०.३५ ची रेषा ०.३५ चीच उमटते. भिंत कागदावर आक्रसते, पण भिंतीची रेषा आक्रसत नाही. छपाईतल्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

प्रस्तुत नोंद ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या, म्हणजे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कामाच्या अंगाने लिहिली आहे. मोठ्या शहरातल्या कार्यालयात प्लॉटर टेबलाशेजारी असतो आणि ए१ आकाराची शीट आहे तशी साइटवर जाते. वासिंद, खर्डी, डोळखांब किंवा इकडे सरळगाव, धसई, टोकावडे अशा गावातल्या बांधकामापर्यंत पोचताना नकाशा बहुधा दोन-तीनदा कागद बदलतो. मांडलेला असतो ए१ वर, छापला जातो ए३ वर, मग त्याची झेरॉक्स निघते आणि त्या झेरॉक्सचा मोबाइलवर फोटो. मिस्त्रीच्या हातात येते ती प्रत या साखळीच्या टोकाची असते. रेषाजाडी ठरवायची ती त्या प्रतीकडे बघून.

जाड-बारीक रेषेची शिस्त संगणकाहून फार जुनी आहे. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. त्या काळी अभियांत्रिकी नकाशे रुलिंग पेनने काढत. या लेखणीच्या दोन पात्यांमध्ये शाई धरलेली असे आणि बाजूचा स्क्रू फिरवून पाती जवळ-लांब केली की रेषा बारीक-जाड होई. पुढे ठरावीक जाडीच्या नळीदार टोकाची पेने आली. ट्रेसिंग पेपरवर काम केलेल्या पिढीला ‘रॉट्रिंग’ची पेने आणि त्यांचे रंगीत कडे अजून आठवत असेल: ०.१८ ला लाल, ०.२५ ला पांढरे, ०.३५ ला पिवळे, ०.५ ला तपकिरी, ०.७ ला निळे. ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघत. पहिले प्लॉटर खरोखरच पेने उचलून कागदावर फिरवत. १९८२ साली बाजारात आलेल्या ‘ऑटोकॅड’ या नकाशे काढण्याच्या संगणकप्रणालीत म्हणूनच पडद्यावरचा रंग म्हणजे पेनाचा क्रमांक अशी सांगड बसली, आणि पेने गेली तरी ती राहिली. रेषेला स्वतःचा जाडीचा गुणधर्म मिळाला तो ‘ऑटोकॅड २०००’ या आवृत्तीपासून. आज कोणी ‘पेन असाइनमेंट दे’ म्हणतो तेव्हा कार्यालयात एकही पेन नसते; मागितलेली असते ती रंगागणिक जाडी नेमून देणारी सीटीबी फाइल.

जाड्यांची प्रमाणित मालिका अशी: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०, १.४ आणि २.० मिमी. प्रत्येक पुढचे माप मागच्याच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतके पट आहे. कागदाच्या ए-मालिकेतही तेच गुणोत्तर आहे, आणि हा योगायोग नाही. ए१ ची शीट ए२ वर आणली की ०.५ ची रेषा ०.३५ च्या घरात बसते; ए३ वर आणली की लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते आणि रेषा ०.२५ ची. नकाशा लहान केला तरी हाताशी असलेल्याच पेनाने त्यात दुरुस्ती करता यावी म्हणून हे जुळवलेले आहे. भारतात रेषांचे प्रकार आणि जाड्या यांविषयी आयएस १०७१४, इमारतींच्या नकाशांसाठी आयएस ९६२ आणि विद्यार्थ्यांसाठी एसपी ४६ ही मानके आहेत. त्यांतून रोज लागणारे नियम दोनच. जाड आणि बारीक रेषेत निदान दुपटीचा फरक हवा. आणि शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन रेषांमधली मोकळी जागा जाड रेषेच्या दुपटीहून कमी नसावी, शक्यतो ०.७ मिमीच्या खाली तर जाऊच नये.

दुसरा नियम किती नेमका आहे हे साध्या घराच्या प्लॅनवर दिसते. बाहेरची नऊ इंची भिंत २३० मिमीची. १:१०० ने ती कागदावर २.३ मिमी होते. दोन्ही कडा ०.७ ने काढल्या तरी मध्ये १.६ मिमी पांढरे राहते, भिंत भिंतीसारखी दिसते. आतली साडेचार इंची भिंत ११५ मिमीची, कागदावर १.१५ मिमी. तिच्या कडा ०.५ ने काढल्या की मध्ये ०.६५ उरते, म्हणजे नियमाच्या काठावरून पाय घसरलेला. त्याच कडा ०.३५ ने काढल्या तर ०.८ मिमी मिळते. आता हीच शीट ए१ वरून ए३ वर आणा: माप १:२०० झाले, भिंत ०.५७५ मिमी झाली. जाडी ०.३५ च ठेवली तर मधली फट जेमतेम ०.२२ मिमी, आणि एका झेरॉक्सनंतर स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामध्ये भिंतीऐवजी एक काळा पट्टा दिसतो.

यावर ऑटोकॅडच्या छपाईच्या चौकटीत ‘स्केल लाइनवेट्स’ ही खूण आहे. लेआउटमधून, म्हणजे छापायच्या कागदाच्या मांडणीतून, छापताना ती लावली की मापाबरोबर जाड्याही कमी होतात. भिंत वाचते, पण मापाच्या रेषा मरतात: ०.१८ ची मापरेषा ०.०९ वर येते, ०.१३ चे हॅच ०.०६५ वर. ६०० डीपीआय छपाईत एक ठिपका सुमारे ०.०४ मिमीचा असतो, म्हणजे ते हॅच दीड ठिपक्याचे. छपाईयंत्र ते उमटवील. झेरॉक्सचे यंत्र उमटवीलच असे नाही. खूण लावा किंवा काढा, तोटा आहेच. ए३ साठी वेगळा लेआउट करावा, त्याच्या व्ह्यूपोर्टला वेगळे माप द्यावे आणि जाड्या त्या कागदासाठी नव्याने ठरवाव्यात, हेच या नोंदीच्या लेखकाला योग्य वाटते. अर्धा तास जास्त लागतो, आणि तो लावावा. १:१०० ने ए३ वर ४२ बाय २९.७ मीटर जागा मावते. गावातली बहुतेक घरे अंगणासकट त्यात बसतात, मग १:२०० ची गरजच काय?

जाडी देण्याच्या वाटा तीन. लेयरला जाडी द्यायची. किंवा सीटीबी फाइलमध्ये २५५ रंगांपैकी वापरातल्या रंगांना जाडी द्यायची. किंवा एसटीबी फाइलमध्ये नावाने शैली करून त्या लेयरांना लावायच्या. काहीच सांगितले नाही तर ऑटोकॅड ०.२५ धरते. शून्य जाडी सांगितली तर यंत्राला जमेल तितकी बारीक, बहुधा एका ठिपक्याची रेषा निघते, म्हणून शून्य कधी देऊ नये. पॉलिलाइनची ‘विड्थ’ ही वेगळी गोष्ट आहे. ती नकाशाच्या मापात असते. ५० ची विड्थ १:१०० ने अर्धा मिमी छापते आणि १:५० ने एक मिमी. एकाच शीटवर दोन मापांचे तपशील असतील तर विड्थने जाड केलेल्या रेषा एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. पडद्यावरची जाडीही विश्वासाची नाही, कारण मॉडेलमध्ये ती पिक्सेलमध्ये दाखवली जाते आणि झूम केले तरी बदलत नाही.

सर्वांत जास्त घोळ फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर होतो. डीडब्ल्यूजी फाइलमध्ये सीटीबीचे फक्त नाव असते, सीटीबी नसते. पेनड्राइव्ह किंवा व्हॉट्सॲपवरून नकाशा कल्याणच्या किंवा शहापूरच्या छपाईच्या दुकानात पोचतो आणि तिथला संगणक त्याची स्वतःची सीटीबी लावतो. एका कार्यालयात लाल म्हणजे ०.१८, दुसऱ्यात लाल म्हणजे ०.५. मापाच्या रेषा जाड आणि भिंती केसासारख्या झालेली शीट हातात आली की कारण बहुतेक वेळा हेच. कधी सगळा नकाशा रंगीत छापला जातो आणि पिवळ्या लेयरवरच्या खिडक्या पांढऱ्या कागदावर दिसेनाशा होतात. उपाय सोपा आहे: पीडीएफ स्वतः काढून द्यावी आणि ‘फिट’ न करता मूळ आकारात, शंभर टक्क्यांवर छापायला सांगावे.

परवानगीच्या नकाशात रंगाचा प्रश्न आणखी गुंततो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या संकेतांनुसार भूखंडाची हद्द जाड काळी, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे बांधकाम पिवळ्या हॅचचे, सांडपाण्याच्या वाहिन्या लाल तुटक आणि अस्तित्वातला रस्ता हिरवा दाखवतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीचीही रीत हीच आहे. अमोनिया प्रिंटच्या काळात हे रंग प्रिंटवर हाताने भरत. आता ते फाइलमधूनच छापायचे असतात, आणि तिथे दोन संकेतांची टक्कर होते. ड्राफ्ट्समनच्या सवयीत लाल म्हणजे एक पेन, तर नियमावलीत लाल म्हणजे नवे बांधकाम. सगळे काळे छापणारी सीटीबी लावली की नियमाचा लाल गेला. रंगीत लावली की मापे, अक्षरे, दारे-खिडक्या सगळे इंद्रधनुष्य. परवानगीच्या शीटसाठी रंगाकडून जाडीचे काम काढून घ्यावे, जाडी लेयरला द्यावी आणि नियमाचे रंग ‘ट्रू कलर’ म्हणून भरावेत. ट्रू कलरला सीटीबीची रंगांची कोष्टके लागू होत नाहीत. नकाशा संगणकाकडून तपासून घेणाऱ्या प्रणाली, उदाहरणार्थ पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सची ऑटोडीसीआर, लेयरवरून वाचतात. त्यांना जाडीशी देणेघेणे नाही, पण लेयर स्वच्छ असले की जाडीही आपोआप स्वच्छ होते. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असल्याने तिथे नियमावली तिची लागते. तिथल्या यंत्रभागांच्या नकाशात भिंतीऐवजी दिसणारी कड जाड, लपलेली कड तुटक आणि अक्षरेषा बारीक साखळीची असते. दुपटीचा नियम तोच.

हद्दीच्या रेषेबाबत थोडे थांबायला हवे, कारण या तालुक्यांत जमीन गुंठ्यांनी विकली जाते आणि भांडणे फुटांवरून होतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. एका बाजूचे ३३ फूट म्हणजे सुमारे १० मीटर. १:१००० ने कागदावर ते एक सेंटिमीटर होतात. त्यावर ०.७ ची जाड काळी हद्द मारली तर रेषेखाली जमिनीवरचे ७० सेंटिमीटर झाकले जातात. १:१०,००० च्या गाव नकाशावर अर्ध्या मिमीची रेषा पाच मीटर रुंद जागा व्यापते, म्हणजे बैलगाडीची वाट बांधासकट तिच्याखाली जाते. संगणकीय छपाईत जाडी मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरते. खरी हद्द रेषेच्या मधोमध असते, बाहेरच्या कडेला नव्हे. छापील नकाशावर पट्टी ठेवून कोणी हद्द मोजायला लागला तर त्याला हे सांगावे. मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून हद्द उतरवताना स्कॅन केलेल्या रेषेचा मध्य धरावा आणि बाजूंची मापे आकड्यांत लिहावीत.

डोंगरी भागाच्या समोच्चरेषांनाही हाच न्याय. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात आणि दर पाचवी जाड. उतार ४५ अंशांचा असेल तर दोन रेषांत कागदावर ०.४ मिमी राहते. माहुलीच्या किंवा माळशेजच्या उतारावर ०.२५ ची रेषा वापरली तर मध्ये ०.१५ मिमी पांढरे उरेल आणि कड्याशी तेही मिटेल. म्हणून तिथे ०.१३ वापरावी, जाड पाचवीला ०.२५ पुरे.

लोखंडाच्या नकाशात उलट असते. बीमच्या सेक्शनमध्ये काँक्रीटची कड बारीक, ०.२५, सळया जाड, ०.५ ते ०.७, रिंग त्यांच्या मधली, ०.३५. सेंट्रिंगवाला आणि फिटर आधी सळया मोजतात, कड नंतर बघतात. इथे जपायची ती मात्र टिपेपासून सळईपर्यंत जाणारी बारीक रेषा. ‘८ मिमी रिंग १५० मिमी अंतराने’ ही ओळ झेरॉक्समध्ये ठसठशीत राहते, पण तिची ०.१३ ची रेषा नाहीशी झाली तर ती टीप कोणत्या बीमची हे कागद सांगत नाही. श्रावणात ओल्या हातांनी चार घड्या घातलेला ए३, घडीवर शाई उडालेली, आणि त्यावर पेन्सिलीने ओढलेला मिस्त्रीचा स्वतःचा बाण: असा कागद बघितला की टिपांच्या आणि मापांच्या रेषा ०.१८ च्या खाली नेऊ नयेत हे पटते. झेरॉक्स होणारच असेल तर ०.२५ ठेवावी आणि भिंत ०.५ वर न्यावी. दुपटीचे नाते टिकते.

नवे यंत्र किंवा नवे दुकान असेल तेव्हा एक पट्टी छापून बघण्याची पद्धत उपयोगी आहे. ए४ वर ०.०९ पासून १.० पर्यंतच्या दहा रेषा एकाखाली एक काढायच्या, प्रत्येकीपुढे तिचे माप लिहायचे, शेजारी त्याच जाड्यांच्या तुटक रेषा आणि थोडे हॅच. पट्टी दुकानात छापायची, लगेच तिथेच तिची झेरॉक्स काढायची, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, आणि शेवटच्या प्रतीचा मोबाइलवर फोटो. कोणती रेषा कुठे गळाली त्यावर लाल पेनने खूण करायची. तिसऱ्या प्रतीत शाबूत राहिलेली सर्वांत बारीक रेषा हीच त्या दुकानासाठी आपली मापरेषा धरायची, आणि ती पट्टी तारीख घालून टेबलासमोर टाचून ठेवायची. दुकानदाराने टोनर किंवा यंत्र बदलले की नवी पट्टी.