चकतीवरील गुप्त स्थाने : यादी आणि वस्तू

दप्तराची यादी आणि प्रत्यक्ष दप्तर या दोन भिन्न वस्तू होत, हे पेशवे दप्तरातील रुमाल हाताळलेल्या अभ्यासकांस सांगावयास नको. संगणकाच्या चकतीसही हाच न्याय लागू पडतो. तीवर मजकूर दडविण्याची विद्या याच भेदावर उभी आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

डॉस प्रणालीच्या ३६० किलोबाइटी फ्लॉपीवर ५१२ बाइटांचे ७२० सेक्टर असत. दोन सेक्टरांचा एक क्लस्टर होई आणि कोणता क्लस्टर कोणत्या फाइलीकडे आहे, याची नोंद ‘फॅट’ नामक तक्त्यात राही. १०० बाइटांच्या फाइलीसही १,०२४ बाइटांचा अखंड क्लस्टर मिळे. उरलेल्या ९२४ बाइटांत काय आहे, हे यादी सांगत नसे.

ही रचना अभ्यासूनच लाहोरच्या बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी १९८६ साली ‘ब्रेन’ विषाणू रचला. तो तीन क्लस्टर व्यापी आणि तक्त्यात त्यांवर ‘नादुरुस्त’ असा शेरा मारी. तक्त्यावर विसंबलेली प्रणाली मग तिकडे फिरकत नसे. १९९१ साली आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ हा हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर त्याच मार्गावरील सातव्या सेक्टरात हलवून त्याची जागा बळकावी. ही जागा कोणत्याही फाइलीच्या नोंदीत येत नसे. ६ मार्च रोजी तो चकतीवरील मजकुरावर घाला घाली.

या विषाणूवर पुण्यात संजय काटकर यांनी उतारा तयार केला. त्यांचे बंधू कैलास काटकर यांचा दुरुस्तीचा व्यवसाय होता. त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ उदयास आले. अशा विषाणूस केवळ पुसून भागत नसे. दडविलेला मूळ सेक्टर हुडकून स्वस्थानी ठेवल्याखेरीज संगणक सुरू होणे कठीण. म्हणजे लपविणाऱ्यास जे ज्ञान हवे, तेच शोधणाऱ्यासही हवे.

१९९८ साली रॉस अँडरसन, रॉजर नीडहॅम व आदी शमीर यांनी याच ज्ञानास संरक्षक वळण दिले. गुप्त शब्द ठाऊक नसलेल्यास फाइलीचे अस्तित्वही सिद्ध करता येऊ नये, अशी रचना त्यांनी मांडली. धाकदपटशाने मजकूर उघड करावयास लावला जाणाऱ्या व्यक्तीस तीत आसरा होता.

इतिहाससंशोधकास यातून एक व्यावहारिक बोध घेता येईल. चकत्या संग्रहात दाखल करताना केवळ यादीतील फाइली उतरवून घेतल्यास यादीबाहेरचा पुरावा कायमचा गमावतो. यास्तव प्रत सेक्टरवार घ्यावी. ‘नादुरुस्त’ हा शेरादेखील कोणीतरी दिलेली साक्षच होय, आणि साक्ष पारखून घ्यावी लागते.