मुंबई उपनगरांतील क्षयरोग निदानाच्या सुलभ चाचण्या

क्षयरोग निदानाच्या सुलभ चाचण्या म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेवर अवलंबून न राहता, रुग्णाच्या वस्तीजवळ आणि थोड्या वेळात करता येणाऱ्या तपासण्या होत. क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या दाट वस्त्यांत त्यांना विशेष महत्त्व आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुर्ला, गोवंडी आदी भागांचा समावेश असलेला मुंबई उपनगर जिल्हा हे अशा प्रदेशाचे ठळक उदाहरण आहे. थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी, जीनएक्स्पर्ट व ट्रूनॅट या रेण्वीय चाचण्या, छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त संसर्ग ओळखणाऱ्या त्वचाचाचण्या ही या तपासण्यांची प्रमुख उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी

क्षयरोग हा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूमुळे होणारा, हवेतून पसरणारा रोग आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जिवाणूचा शोध जाहीर केला. त्यामुळे हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. मुंबईत अलीकडच्या काळात दरवर्षी ५० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद होते.

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. लहान खोलीत अनेकांचे वास्तव्य, अपुरा सूर्यप्रकाश व कोंदट हवा ही परिस्थिती रोगाच्या प्रसारास पोषक ठरते. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इमारतींमधील अत्यल्प अंतर आणि प्रकाश व वायुवीजनाचा अभाव यांचा क्षयरोगाशी संबंध दाखविण्यात आला. म्हणजे झोपडीतून पक्क्या घरात गेल्यानेच धोका टळतो असे नाही.

उपचार न घेणारा फुप्फुसाच्या क्षयाचा एक रुग्ण वर्षभरात निकट सहवासातील ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. म्हणून निदानातील विलंब ही केवळ रुग्णाची हानी नसून संपूर्ण वस्तीचा धोका असतो. हातावर पोट असलेल्या कामगाराला तपासणीसाठी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागल्या, तर तितक्या दिवसांची मजुरी बुडते आणि तपासणी अर्धवट राहण्याची शक्यता वाढते. सुलभ चाचण्यांची गरज प्रामुख्याने यातून निर्माण झाली.

थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी

ही सर्वांत जुनी व स्वस्त पद्धत आहे. काचपट्टीवर पसरलेल्या थुंकीवर झील-नेल्सन रंजनक्रिया केल्यास निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जिवाणू लालसर काड्यांसारखे दिसतात. येथे थुंकी म्हणजे तोंडातील लाळ नव्हे. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका अपेक्षित असतो. नमुना उघड्या, हवेशीर जागी व इतरांपासून दूर घ्यावा आणि डबीचे झाकण घट्ट लावावे, असा नियम आहे. नमुना चांगला नसेल तर पुढची कोणतीही चाचणी विश्वसनीय ठरत नाही.

एक मिलिलिटर थुंकीत साधारणतः ५ ते १० हजार जिवाणू असल्याशिवाय ते या पद्धतीने आढळत नाहीत. त्यामुळे आजाराच्या प्रारंभी, तसेच बालके व एचआयव्हीबाधित व्यक्तींमध्ये निदान निसटू शकते. औषधरोधी जिवाणूही यातून ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत जिवाणूंचे संवर्धन करावे लागते. हे जिवाणू अतिशय सावकाश वाढत असल्याने घन माध्यमावरील संवर्धनास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. द्रव माध्यमामुळे हा काळ कमी झाला आहे.

रेण्वीय चाचण्या

या चाचण्यांत जिवाणूच्या डीएनएचा विशिष्ट भाग अनेक पटींनी वाढवून ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये जीनएक्स्पर्ट चाचणीची शिफारस केली. थुंकीचा नमुना एका बंद काडतुसात घालून यंत्रात ठेवला की सुमारे दोन तासांत क्षयाचे जिवाणू आहेत की नाहीत, तसेच रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध त्यांच्यावर चालेल की नाही, हे कळते. मात्र या यंत्रास अखंड वीजपुरवठा व नियंत्रित तापमान लागते.

ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीची आहे. तिचे यंत्र बॅटरीवर चालते, सहज हलविता येते आणि त्यास वातानुकूलित खोलीची आवश्यकता नसते. डीएनए वेगळा करण्याचे काम एका उपकरणात होते व नंतर तो लहानशा चिपवर तपासला जातो. निदान सुमारे एका तासात होते. क्षय आढळल्यास त्याच डीएनएवर रिफॅम्पिसिन-रोधाची दुसरी चाचणी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिला मान्यता दिली.

क्ष-किरण तपासणी

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात, लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचार शोधलेच नव्हते असे आढळले. छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते, असेही त्यातून दिसून आले. कारण अनेक रुग्णांना ठळक लक्षणे नसतात. केवळ खोकल्याची विचारपूस करणारी मोहीम अशा रुग्णांपर्यंत पोहोचत नाही.

हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण यंत्रांमुळे ही तपासणी चाळीत, वसाहतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहातही करता येते. क्ष-किरण चित्र वाचण्यासाठी संगणकीय प्रणालीचा वापर १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मुंबईतील क्यूअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली यांपैकी एक आहे. मात्र क्ष-किरणातील डाग म्हणजे क्षयाचा पुरावा नव्हे. त्यानंतर थुंकीची रेण्वीय चाचणी करणे आवश्यक असते.

सुप्त संसर्गाच्या चाचण्या

शरीरात जिवाणू असूनही रोग झालेला नाही, अशी अवस्था सुप्त संसर्ग म्हणून ओळखली जाते. तिच्यासाठी दीर्घकाळ मँटू चाचणी वापरली जात आहे. बीसीजी लस घेतलेल्यांमध्ये ती फसवी सकारात्मक येऊ शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही त्वचाचाचणी क्षयजंतूच्या दोन विशिष्ट प्रथिनांवर आधारित असून बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी त्वचेवरील गाठ मोजतात. यापैकी कोणतीही चाचणी प्रत्यक्ष रोगाचे निदान करीत नाही. तिचा उपयोग रुग्णाच्या घरातील व्यक्तींना प्रतिबंधक उपचार द्यावेत की नाही, हे ठरविण्यासाठी होतो.

बंदी घातलेल्या रक्तचाचण्या

रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या भारतातील खासगी क्षेत्रात दीर्घकाळ प्रचलित होत्या. त्या करण्यास सोप्या होत्या, परंतु त्यांचे निष्कर्ष अविश्वसनीय असल्याने निरोगी माणसाला औषधे दिली जाण्याचा आणि रुग्ण उपचाराविना राहण्याचा धोका होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले व २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. सुलभता ही अचूकतेला पर्याय होऊ शकत नाही, याचा हा महत्त्वाचा धडा ठरला.

मुंबईतील अंमलबजावणी

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास, उपलब्ध सर्व प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले. ‘पूर्णतः औषधरोधी’ या संज्ञेविषयी मतभेद झाले, तथापि औषधरोध लवकर ओळखण्याची निकड त्यामुळे अधोरेखित झाली. ७ मे २०१२ रोजी केंद्र सरकारने क्षयरुग्णांची नोंद कळविणे डॉक्टरांना व प्रयोगशाळांना बंधनकारक केले.

उपनगरांतील अनेक रुग्ण प्रथम गल्लीतील खासगी डॉक्टरांकडे जातात. हे ध्यानात घेऊन २०१४ मध्ये मुंबईत खासगी डॉक्टरांना जोडून घेणारा प्रकल्प पाथ या संस्थेमार्फत सुरू झाला. त्यात रुग्णांना क्ष-किरण व जीनएक्स्पर्ट चाचणीसाठी पावत्या दिल्या जात. महापालिकेची यंत्रणा प्रभागनिहाय चालते: अंधेरीत के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीत आर मध्य, मुलुंडमध्ये टी आणि घाटकोपरमध्ये एन प्रभाग. घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य सेविका लक्षणे असलेल्यांना तपासणीसाठी पाठवितात. सरकारी व महापालिका केंद्रांत क्षयरोगाची तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. शिवडी येथील महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी प्रमुख केंद्र आहे.

मर्यादा

रेण्वीय चाचणी मृत जिवाणूंचा डीएनएही ओळखते. त्यामुळे उपचारांची प्रगती पाहण्यासाठी ती वापरत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक तपासणी व संवर्धन आजही आवश्यक आहे. रिफॅम्पिसिनखेरीज इतर औषधांच्या रोधासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. लहान मुलांना बेडका काढता येत नसल्याने जठरातील द्राव किंवा विष्ठेचा नमुना घेतात. मणका, लसीका ग्रंथी, मेंदूचे आवरण अशा फुप्फुसाबाहेरील क्षयात त्या-त्या अवयवाचा नमुना मिळवावा लागतो. बेडक्याऐवजी जिभेवरून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी करण्याविषयीही संशोधन झाले आहे.

रोगाविषयीचा सामाजिक कलंक ही आणखी एक अडचण आहे. नोकरी जाईल किंवा मुलीचे लग्न मोडेल या भीतीने अनेक कुटुंबे तपासणी टाळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा थुंकीतून रक्त पडणे यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास तपासणी करून घ्यावी, अशी राष्ट्रीय कार्यक्रमाची सूचना आहे.