वैद्यविद्येचा उंबरठा : अमेरिकेतील दीडशे वर्षांची कथा

विद्या देण्यापूर्वी शिष्याचा अधिकार पाहावा, ही आपल्या परंपरेतील जुनी मर्यादा आहे. वैद्यकाच्या बाबतीत तर आपल्या आचार्यांनी ती विशेष कसोशीने सांगितली. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात प्रथम शिष्याने शास्त्राची निवड करावी, मग आचार्याची परीक्षा करावी आणि त्यानंतर आचार्याने शिष्याची परीक्षा करावी, असा क्रम दिला आहे. शस्त्रकर्म शिकणाऱ्याने मनुष्यदेहास हात लावण्यापूर्वी कोहळा, भोपळा, काकडी ह्यांसारख्या फळांवर छेदनाचा सराव करावा, असे सांगून सुश्रुताने पूर्वतयारीचे तत्त्वच घालून दिले. मात्र त्याच सुश्रुतसंहितेत शिष्य कोणत्या वर्णाचा व कुळाचा असावा, ह्याचीही चर्चा आहे. कुलगुणसंपन्न शूद्रास मंत्र व उपनयन वगळून शिकवावे, असे काहींचे मत म्हणून तेथे नोंदविले आहे. म्हणजे ‘हा शिकण्यास समर्थ आहे काय?’ आणि ‘हा आपल्यांपैकी आहे काय?’ हे दोन प्रश्न वैद्यविद्येच्या उंबरठ्यावर फार पूर्वीपासून शेजारी शेजारी उभे आहेत.

अर्वाचीन काळात ह्या दोन प्रश्नांची गुंतागुंत पाहावयाची असेल, तर अमेरिकेचा इतिहास फार बोधप्रद आहे. आपल्याकडे बारावीनंतर विद्यार्थी प्रवेशपरीक्षा देऊन थेट वैद्यकाच्या महाविद्यालयात जातो. अमेरिकेत त्याला आधी बहुधा चार वर्षे अन्य विषयात पदवी घ्यावी लागते आणि त्या काळात जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान ह्यांची निराळी तयारी करावी लागते. अशा विद्यार्थ्यास तेथे ‘प्रीमेड’ म्हणतात. नातवंडे त्या देशात वाढत असलेल्या आपल्याकडील आजी-आजोबांस हा लांबचा वळसा कशासाठी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर इतिहासातच सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत असा वळसा मुळीच नव्हता. तरुणाने एखाद्या वैद्याकडे उमेदवारी करावी आणि काही महिने चालणारी व्याख्याने दोन हिवाळे ऐकावीत, की तो डॉक्टर झाला. मौज अशी की, दुसऱ्या हिवाळ्यात पुष्कळदा पहिल्याच व्याख्यानांची पुनरावृत्ती होत असे. बहुतेक शाळा अध्यापकांच्या खाजगी मालकीच्या असत आणि विद्यार्थ्याची फी हेच त्यांचे उत्पन्न असे. त्यामुळे दारात आलेल्यास परत पाठविण्यात कोणाचेच हित नव्हते. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनी लेखी परीक्षेचा आग्रह धरला, तेव्हा तेथील शस्त्रवैद्य बिगेलो ह्यांनी हरकत घेतली की, निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही! तरीही १८७१ साली एलियटनी तीन वर्षांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम सुरू केलाच. विद्यार्थिसंख्या बरीच घटली, परंतु त्यांनी माघार घेतली नाही.

ह्याच संधिकाळात आपल्या महाराष्ट्रातील एक कन्या त्या उंबरठ्याशी जाऊन उभी राहिली. आनंदीबाई जोशी ह्यांचे चरित्र वाचकांस परिचित आहेच. येथे केवळ त्यांच्या प्रवेशापुरता विचार करू. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. अंगी पदवी नव्हती; होते ते पती गोपाळराव ह्यांच्या कडक शिस्तीत कमावलेले इंग्रजी आणि स्वाध्याय. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनी अर्ज केला. आपण प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले. मात्र पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपणास ही विद्या हवी आहे, आणि स्वजनांचा व जातीचा विरोध सोसून आपण इतक्या दूर आलो तो निश्चय जमेस धरावा, अशी विनंतीही केली.

ते महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले होते, तेच मुळी इतर शाळा स्त्रियांना आत घेत नव्हत्या म्हणून. त्याच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली ह्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्याचे ठरले होते; परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

पुढच्या दहा वर्षांत उंबरठा एकदम उंच झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठास वैद्यकीय शाळा काढण्यासाठी द्रव्य अपुरे पडत होते. मेरी गॅरेट ह्या धनवान बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी निधी उभारला आणि त्यास अटी जोडल्या : स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, आणि प्रवेशेच्छूजवळ आधीच पदवी, विज्ञानाचे शिक्षण व फ्रेंच-जर्मन वाचण्याची क्षमता असावी. १८९३ साली शाळा उघडली, तेव्हा पहिल्या वर्गातील अठरा विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या. त्या अटी पाहून ऑस्लर हे विख्यात वैद्य आपल्या सहकाऱ्यास विनोदाने म्हणाले होते की, आपण येथे अध्यापक म्हणून आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून आपणांस प्रवेश मिळाला नसता. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सामर्थ्याची कसोटी कडक करणे आणि भेदाची भिंत पाडणे ही दोन्ही कामे एकाच दात्रीने एकाच देणगीने करून दाखविली. ती परस्परविरोधी नाहीत, ह्याचा हा पुरावाच होय.

दुर्दैवाने पुढे तो समतोल टिकला नाही. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर ह्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. फ्लेक्सनर हे वैद्य नव्हते, शाळामास्तर होते. कार्नेगी प्रतिष्ठानच्या वतीने त्यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ शाळा स्वतः पाहिल्या. त्यांपैकी केवळ १६ शाळा महाविद्यालयीन शिक्षणाची दोन वा अधिक वर्षे मागत होत्या. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नावालाच होती आणि रुग्णशय्येशी विद्यार्थ्याचा संबंध येत नव्हता. अशा शाळांतून बाहेर पडलेल्या वैद्यांच्या हाती लोकांचे प्राण होते, हे ध्यानी घेतले म्हणजे फ्लेक्सनर ह्यांच्या कठोरपणाचे कारण कळते. भौतिक विज्ञाने व जीवशास्त्र ह्यांची किमान दोन वर्षांची तयारी त्यांनी आवश्यक ठरविली, आणि आजच्या प्रीमेड अभ्यासाचा पाया पक्का झाला.

त्या सुधारणेने असंख्य रुग्णांचे कल्याण झाले, ह्यात शंका नाही. परंतु तिची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी हॉवर्ड व मेहारी ह्या दोनच पुढे टिकल्या. गोऱ्या शाळांची दारे बहुशः बंदच असल्याने हजारोंचा मार्ग खुंटला. उमेदवारी करून वैद्य होणारा खेड्यातील गरीब मुलगा महाविद्यालयाच्या खर्चापुढे हतबल झाला. स्त्रियांच्या शाळाही एकामागून एक मिटल्या; आनंदीबाईंचे महाविद्यालय तेवढे तग धरून राहिले आणि १९७० साली पुरुषांनाही खुले झाले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वेगळीच अडचण उभी राहिली. प्रवेश मिळालेले पुष्कळ विद्यार्थी मध्येच गळू लागले. म्हणून १९२८ साली मॉस ह्या मानसशास्त्रज्ञांची योग्यता-चाचणी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आली. आज ‘एमकॅट’ ह्या नावाने ओळखली जाणारी परीक्षा तिचीच वंशज होय. चाचणी नावाकडे पाहत नाही. तथापि मुलाखत आणि अर्जातील माहिती पाहत होती. त्याच सुमारास कित्येक नामांकित शाळांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर अघोषित मर्यादा घातली. गुण उत्तम असूनही ‘आपल्यांपैकी नाही’ हे कारण पुरेसे ठरले. ती मर्यादा दुसऱ्या महायुद्धानंतरच हळूहळू ढासळली.

मागे राहिलेल्यांसाठी दार रुंद करण्याचे प्रयत्न पुढे झाले आणि तेही न्यायालयात गेले. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील शाळेने शंभरांपैकी सोळा जागा राखून ठेवल्या होत्या. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठराविक जागा राखणे अवैध ठरविले, परंतु वंशाचा विचार इतर गोष्टींसह करण्यास मुभा ठेवली. २०२३ च्या निर्णयाने ती मुभाही संपुष्टात आली. दरम्यान, २०१५ पासून एमकॅटमध्ये मानसशास्त्र व समाजशास्त्राचा स्वतंत्र भाग समाविष्ट झाला. देहाबरोबर रोग्याचे मन आणि त्याची परिस्थितीही वैद्यास कळली पाहिजे, हा त्यामागील विचार आपल्या आचार्यांसही परका वाटला नसता.

आजच्या नियमांनी पाहिले, तर आनंदीबाईंचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडला असता. म्हणून नियम सैल करावेत, असे कोणी म्हणणार नाही. अर्धवट वैद्याच्या हाती आपल्या माणसाची नाडी द्यावयास कोण तयार होईल? विचार करावयाचा तो वेगळ्या गोष्टीचा. उंबरठा जितका उंच, तितक्या पायऱ्या त्याच्या अलीकडे बांधणे समाजाचे कर्तव्य ठरते. बॉडलीबाईंच्या संस्थेने आनंदीबाईंना नुसता प्रवेश दिला नाही, शिष्यवृत्तीही दिली. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरात मुलीसारखे ठेवून घेतले. आपल्या देवस्थानांनी व ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या चालविल्या, त्या ह्याच जातीच्या पायऱ्या होत. त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवू पाहणाऱ्यास आपण त्याच्या तयारीविषयी विचारतो की त्याच्या कुळाविषयी, हे प्रत्येक संस्थेने स्वतःशी एकदा तपासून पाहावे.