सेन नदीवरील शातो गेयार

फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, सेन नदीच्या वळणावर, पांढऱ्या चुनखडीच्या कड्यावर शातो गेयार या दुर्गाचे अवशेष उभे आहेत. दुर्ग बांधला इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड याने. परंतु ११९६ साली त्याने ज्या जागेवर बांधकाम काढले ती रूआँच्या आर्चबिशपांची होती. आर्चबिशप गोतिए द कूतांस यांनी हरकत घेतली. राजा ऐकेना, तेव्हा त्यांनी नॉर्मंडीभर धर्मविधी बंद ठेवण्याचा हुकूम काढला. प्रेते दफनावाचून रस्त्यांत पडून राहिली. तंटा दोन बड्यांचा आणि भोग मात्र सामान्यांच्या मृतांना, हे आम्हां धर्मगुरूंना आजही बोचावे असेच आहे. प्रकरण पोप तिसरे सेलेस्टिन यांच्यापुढे गेले आणि ११९७ मध्ये दिएप बंदर व इतर मालमत्ता आर्चबिशपांस देऊन मिटले.

सुमारे १२,००० पौंड खर्चून जेमतेम दोन वर्षांत दुर्ग उभा राहिला. एकामागे एक असे तीन कोट. सर्वांत आतल्या तटाची बाहेरची बाजू सपाट नसून, जणू अर्धगोल बुरूज एकमेकांना चिकटवून ठेवावेत तशी आहे. आदळलेला दगड निसटावा आणि शत्रूला तटाशी दडायला कोपरा मिळू नये, ही त्यातील युक्ती. मुख्य मनोऱ्याची एक बाजू गलबताच्या नाळेसारखी टोकदार आहे.

११९९ मध्ये रिचर्ड वारला. १२०३ च्या सप्टेंबरात फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्टस याने वेढा घातला. पायथ्याच्या वस्तीतील लोक दुर्गात आश्रयाला आले होते. धान्य पुरावे म्हणून किल्लेदार रॉजर द लेसी याने त्यांना बाहेर काढले. आधी निघालेल्यांना फ्रेंचांनी वाट दिली. मागून आलेल्या शेकडोंना मात्र अडवले, आणि परतावे तर दुर्गाचे दरवाजे बंद. भर हिवाळ्यात दोन सैन्यांमधल्या उतारावर बायकामुले, म्हातारीकोतारी पाला खाऊन राहिली. अखेर फिलिपनेच त्यांना अन्न देऊन सोडले. तोवर कितीतरी मेली होती. राजाच्याच पदरचा धर्मगुरू गिल्योम ल ब्रतों याने हे लिहून ठेवले, म्हणून आपणांस ठाऊक.

बाहेरचा कोट फ्रेंचांनी पायथा पोखरून पाडला. मधल्या कोटात ते शिरले, ते रिचर्डचा भाऊ जॉन याने मागाहून बांधलेल्या चॅपेलच्या खिडकीतून. (काही अभ्यासक शौचकूपाच्या वाटेने म्हणतात.) ६ मार्च १२०४ रोजी दुर्ग पडला, त्याच वर्षी रूआँही गेले.

१५९९ मध्ये चौथ्या हेन्रीने दुर्ग पाडण्याचा हुकूम दिला. पुढे कापुचिन मठवासीयांना आपल्या मठाच्या डागडुजीसाठी येथील दगड नेण्याची मुभा मिळाली.