समाजमाध्यमे व बालविकास

इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यूट्यूब यांसारख्या माध्यमांच्या वापराचा मुलांच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक वाढीवर होणारा परिणाम. खात्यासाठीची १३ वर्षांची रूढ वयोमर्यादा बालविकासाच्या अभ्यासातून आलेली नाही. तिचे मूळ मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधन घालणाऱ्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. फेसबुकवर २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले आणि समवयस्कांची पसंती आकड्यांत दिसू लागली.

किशोरवयात मेंदूतील आत्मनियंत्रणाची केंद्रे उशिरा पक्व होतात (पहा : किशोरावस्था), आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ थांबवणे म्हणूनच अधिक अवघड जाते. झळ प्रथम झोपेला बसते : फोन उशाशी असल्यास निजण्याची वेळ लांबते, संदेशाच्या आवाजाने झोपमोड होते (पहा : निद्रा). रोज ३ तासांहून अधिक वापर करणाऱ्या किशोरांत नैराश्य व चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०२३ च्या सूचनापत्रात नमूद आहे. कार्यकारणसंबंधाबाबत मात्र संशोधकांत मतभेद आहेत. एकाकी मुलांना या माध्यमांतून सोबतही मिळते.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून प्रमुख समाजमाध्यमांवर १६ वर्षांखालील मुलांना खाते ठेवता येत नाही. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती आवश्यक मानली आहे (पहा : गोपनीयता).